आखाजीपर्यंतची मुदत

राज्याचा कृषी विभाग, पीक विम्याचं काम घेतलेल्या कंपन्या, जळगाव आणि धुळ्याचे जिल्हाधिकारी आणि खान्देशातून निवडून गेलेले आमदार-खासदार, तुम्हा सगळ्यांना उद्देशून हे लिहितो आहे. येत्या आखाजीपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सालदाराचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. ज्याने वर्षभर अंगचोरी केली, त्याचा हिशेब मालक त्या दिवशी चुकता करून त्याला मोकळा करतो. आणि ज्या मालकाने सालदाराचे पैसे बुडवले, त्याच्या वाड्यात दुसऱ्या दिवशी कुणी पाय ठेवत नाही. यंदा विम्याचा हिशेबही आम्ही त्याच दिवशी करणार आहोत.

काय घडलं ते आधी सांगतो, कारण गावात अजूनही अनेकांना वाटतं की सरकारने फक्त एक रुपयाचा विमा बंद केला. तसं नाही. २९ एप्रिल २०२५ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, ९ मेला शासन निर्णय निघाला आणि खरीप २०२३ पासून चालू असलेली एक रुपयाची योजना संपली. शेतकऱ्याने पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि कापूस-कांद्यासारख्या नगदी पिकांना जास्तीत जास्त ५ टक्के हप्ता भरायचा, असं ठरलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. २०१६ पासून हेच दर होते आणि आम्ही ते भरत होतो. फुकटाचा विमा मागायला आम्ही कधी मंत्रालयात गेलो नव्हतो.

तक्रार आहे ती त्याच कागदाने जे काढून घेतलं त्याची. पूर्वी पाऊसच न आल्याने पेरणी झाली नाही तर संरक्षण होतं. हंगामाच्या मध्यात पीक हातचं जाताना दिसलं, अपेक्षित उत्पादन नेहमीच्या निम्म्याहून खाली जाणार असं दिसलं, तर भरपाईतले २५ टक्के आगाऊ मिळत. गारपीट, ढगफुटी, शेतात साचलेलं पाणी, वीज पडून लागलेली आग, यांना स्थानिक आपत्ती म्हणत आणि ७२ तासांत कळवलं की त्या एकट्या शेताचा पंचनामा होई. कापून शेतात सुकायला टाकलेल्या मालाला १४ दिवस संरक्षण होतं. हे चारही आधार काढले. उरला तो एकच, मंडळाच्या पीक कापणी प्रयोगाचा. एक रुपयात पाच गोष्टी मिळत होत्या, आता पूर्ण हप्त्यात एक मिळते. आणि हे झालं खरिपाच्या तोंडावर, जेव्हा शेतकरी बियाणं आणि खताच्या रांगेत उभा असतो आणि शासन निर्णयाची पानं वाचायला त्याच्याकडे वेळ नसतो.

कापणी प्रयोग म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. विम्याचं घटक क्षेत्र बहुतेक महत्त्वाच्या पिकांना महसूल मंडळ असतं. एका मंडळात किती गावं आणि किती हजार हेक्टर येतात, ते तलाठ्याला विचारा. त्या अख्ख्या मंडळासाठी निदान १० प्रयोग. चिठ्ठीसारखा गट क्रमांक निघतो, शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखला जातो, तेवढंच पीक कापून तोललं जातं आणि त्यावरून सगळ्या मंडळाचं उत्पादन ठरतं. कापूस आणि सोयाबीनला आता उपग्रहाच्या मदतीने काढलेल्या आकड्याचाही वाटा हिशेबात आला आहे. मग हा आकडा उंबरठा उत्पादनाशी ताडून बघतात. समजा, मंडळात गेल्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सोयाबीनची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल आहे. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणजे उंबरठा साडेदहा क्विंटल. प्रयोगांची सरासरी ११ क्विंटल आली की विषय संपला, कुणालाही दमडी नाही. सरासरी ८.४ आली तर तूट उंबरठ्याच्या २० टक्के, म्हणून विमा रकमेचे २० टक्के सगळ्यांना सारखे. ज्याचं पीक उभं राहिलं त्यालाही तेवढेच आणि ज्याच्या शेतात आता नुसते गोटे दिसतात त्यालाही तेवढेच.

आता हा हिशेब चाळीसगावला लावून बघा. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या दोन नद्यांनी एका रात्रीत शहरात आणि काठच्या शिवारात काय केलं, ते त्या तालुक्यात कुणालाही विचारा. काठच्या शेतातली कपाशी गेलीच, खालची मातीही गेली. दोन कोसांवरच्या माळावर मात्र त्याच पावसाने पीक तरारलं. मंडळाची सरासरी काढली तर माळाच्या पिकाने नदीकाठचं दुःख झाकून टाकलं असतं. स्थानिक आपत्तीचं कलम नेमकं या माणसासाठी होतं. खान्देशात पाऊस असाच पडतो. सातपुड्याच्या पायथ्याला सुकी आणि भोकर नदीला पूर येतो तेव्हा तापीकाठच्या गावात धूळ उडत असते. साक्रीच्या डोंगराळ पट्ट्यात आणि शिंदखेड्याच्या कोरड्या शिवारात एकाच तालुक्याएवढं अंतर आणि दोन वेगळी हवामानं. ज्या प्रदेशात पाऊस बांधाबांधाला बदलतो, तिथे सरासरी हा न्याय होत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये पाचोरा आणि जामनेर तालुक्यांत पाण्याने शेतं, गुरं, घरं नेली. माझ्या शेजाऱ्याने सवयीने विम्याच्या मदत क्रमांकावर, १४४४७ ला, फोन लावला. पाण्यात उभ्या मक्याचे फोटो त्याने मोबाइलमध्ये काढून ठेवले होते, तारीख-वेळेसकट. त्याचा हप्ता भरलेला होता, ई-पीक पाहणी झालेली होती, शेतकरी ओळख क्रमांक होता. सगळं असूनही त्या फोटोंचा नव्या योजनेत काही उपयोग नव्हता, कारण ते फोटो ज्या कलमाखाली बघायचे ते कलमच उरलं नव्हतं. हे त्याला समजावून सांगताना मला जी लाज वाटली, ती खरं तर ज्यांनी ते कलम खोडलं त्यांना वाटायला हवी होती.

सरकार म्हणेल, आम्ही मदत दिली. ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, हे खरं आहे. कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० रुपये, हंगामी बागायतीला २७,००० आणि बागायतीला ३२,५०० असे दर सांगितले गेले. ज्याला मिळाले त्याला ते नको होते असं मी म्हणणार नाही. पण पॅकेज केव्हा निघेल, किती निघेल, कुठला तालुका यादीत बसेल, हे त्या वर्षीच्या राजकारणावर आणि तिजोरीवर ठरतं. विम्याचा करार मी पेरणीच्या वेळी पैसे मोजून केलेला असतो. एकाच्या बदल्यात दुसरं दाखवू नका. उलट, विमा नीट ठेवला असता तर पॅकेजचा भार हलका झाला असता.

आणखी एक गोष्ट ज्यांनी हे ठरवलं त्यांनी ऐकून ठेवावी. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की खरीप २०२६ पासून रानटी जनावरांनी केलेली नासाडी स्थानिक आपत्तीच्या संरक्षणात धरली जाईल. सातपुड्याच्या पायथ्याची गावं रानडुकरांच्या धाकाने रात्रभर मक्यात जागी असतात. त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण हे संरक्षण राज्याने स्वीकारलं तरच मिळतं. आणि आपल्या राज्याने खरीप २०२५ ला स्थानिक आपत्तीचं दारच बंद केलेलं आहे. दिल्ली खोली वाढवते आणि मुंबई घराला कुलूप लावते, हे आम्ही बघत बसणार नाही.

कंपन्यांनाही दोन शब्द. राज्यात ८०-११० चं सूत्र आहे. भरपाई गोळा झालेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्य उचलतं, आणि भरपाई फार कमी झाली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेलं परत करायचं. म्हणजे तुमच्या नफ्याला बांध आहे आणि तोट्यालाही बांध आहे. शेतकऱ्याच्या तोट्याला कुठेच बांध नाही. एवढी सुरक्षित जागा मिळूनही कागदातल्या एका चुकलेल्या अक्षरासाठी दावा बाजूला ठेवणं, मंजूर रक्कम महिनोन् महिने अडकवणं, हे यापुढे चालणार नाही. मुदतीनंतरच्या दिरंगाईला १२ टक्के व्याज द्यायचं, हे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. आम्ही आजवर ते मागितलं नाही. यापुढे मागू, प्रत्येक दिवसाचं.

केळीबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे, कारण माझं घर केळीवर चालतं. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यातल्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच केळीचा विमा हवामानाच्या आकड्यांवर चालतो. थंडीसाठी निकष असा की किमान तापमान ८ अंश किंवा खाली, सलग ३ दिवस. काही वर्षांपूर्वी माझ्या केळीच्या कांदेबागेवर थंडीत चरका पडला. पानं पिवळी होऊन करपली, निसवणीला आलेली खोडं अडकली, घड बाहेर येताना वेडेवाकडे झाले. मंडळाच्या हवामान केंद्रात पहिल्या दोन दिवशी ८ च्या खाली नोंद होती आणि तिसऱ्या दिवशी ८.२. कंपनीच्या प्रतिनिधीने मला आकडा दाखवला आणि हात जोडले. माझी बाग नाल्याच्या खोलगट भागात आहे, तिथे गारठा नेहमीच जास्त उतरतो, आणि केंद्र होतं कित्येक किलोमीटर दूर, उंचावर. दोन दशांश अंशाने माझं वर्षाचं उत्पन्न गेलं. त्या दिवशी घरी आल्यावर आईने विचारलं, “इमा मिळंल ना रं?” मी काही बोललो नाही.

हा माझा एकट्याचा अनुभव नाही, म्हणूनच लिहितो आहे. आणि लढलं तर फरक पडतो, हेही याच पिकाने दाखवलं आहे. २०२० मध्ये राज्याने केळीच्या विम्याचे निकष बदलले, इतके की भरपाई मिळणं जवळजवळ अशक्य व्हावं. जळगाव जिल्हा उठला, आणि पुढच्या वर्षी ते मागे घ्यावे लागले. तो प्रसंग मंत्रालयातल्या कुणी विसरला असेल तर त्याने जुनी फाइल काढून बघावी.

हे सगळं एका रात्रीत बदलता येतं, कारण पीक विमा कायद्यावर उभा नाही. तो योजना आहे, मार्गदर्शक सूचना आणि शासन निर्णय आहे. शेजारी गाडीचा विमा ठेवून बघा. माझ्या ट्रॅक्टरचा तृतीय पक्ष विमा संपला आणि धुळ्याच्या चौकात मला अडवलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ आणि १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी ४,०००, आणि तीन महिन्यांच्या कैदेचीही तरतूद. कंपनीचा धंदा चालावा म्हणून कायद्याने माझ्या मानेवर हात ठेवला आहे. ठीक आहे, कारण त्याच कायद्याने कंपनीच्या मानेवरही हात ठेवला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्यात कंपनीच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव ठेवायचा असं लिहिलं. दावा ऐकायला न्यायाधिकरण आहे. पॉलिसीच्या अटी मोडल्या असल्या तरी अनेक प्रकरणांत कंपनीला आधी मेलेल्याच्या घरी पैसे द्यावे लागतात आणि मग मालकाकडून वसूल करावे लागतात. रस्त्यावरच्या लोखंडाला एवढं संरक्षण आहे. शेतातल्या पिकाला एकही कलम नाही. ज्या विधानसभेत खान्देशातले आमदार बसतात, तिथे पीक विम्याचा कायदा मांडला जात नाही, तोवर दर दोन वर्षांनी कुणीतरी नवा कागद काढून आमचं संरक्षण कातरत राहील.

आता आपल्यातल्या चोरांना. हा इशारा तुमच्यासाठीही आहे आणि तो जास्त कडक आहे. देवस्थानाच्या जमिनीवर, सरकारी पडीकावर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विमा काढणारे तुम्हीच. केळीचं एक खोड नसताना केळीचा विमा काढणारेही तुम्हीच, आणि तुमच्यामुळे खऱ्या बागायतदाराच्या दारात उपग्रहाचे फोटो घेऊन पडताळणीवाले आले. एका अर्जामागे कंपनीकडून मिळणाऱ्या ४० रुपयांसाठी डोळे मिटून अर्ज भरणारे सुविधा केंद्रवालेही या पापात आहेत. नव्या नियमात बोगस विमा काढणाऱ्याला किमान ५ वर्षं काळ्या यादीत टाकायची तरतूद आहे. मी तिचं स्वागत करतो. गावात कोणी असं करताना दिसला तर त्याचं नाव कृषी सहायकाला आम्ही स्वतः देऊ, भाऊबंद असला तरी. आमच्या मागणीला यापुढे कुणी “तुमच्यातच चोर आहेत” असं उत्तर देता कामा नये. पण सरकारने हेही सांगावं, की चोर पकडायचा तर पडताळणी वाढवायची असते, की सगळ्या गावाचं संरक्षण काढून घ्यायचं असतं?

आमची मागणी साधी आहे. पुढच्या खरिपाच्या शासन निर्णयात स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान आणि हंगामातलं प्रतिकूल हवामान, ही तिन्ही संरक्षणं परत आली पाहिजेत, रानटी जनावरांच्या संरक्षणासकट. त्यासाठी हप्ता थोडा वाढला तर बोला, आम्ही ऐकू. कापणी प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर आधी लागलं पाहिजे आणि तोललेला आकडा त्याच दिवशी तिथेच लिहिला गेला पाहिजे. हवामान केंद्राची रोजची नोंद गावाला दिसली पाहिजे, आणि झाडाच्या सावलीत, इमारतीच्या आडोशाला बसवलेली केंद्रं हलवली पाहिजेत. दावा नाकारला तर कारण मराठीत, लेखी. पुढच्या अधिवेशनात कायद्याचा मसुदा. यातलं एकही काम आखाजीपर्यंत सुरू करता येणार नाही इतकं मोठं नाही.

नाही झालं तर काय होईल, तेही लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी अचानक झालं म्हणू नये. खरीप २०२० पासून विमा ऐच्छिक आहे. कर्जदार शेतकऱ्याने अंतिम मुदतीच्या ७ दिवस आधी बँकेला लेखी नकार दिला तर त्याच्या खात्यातून हप्ता कापता येत नाही. हे पत्र आम्ही गावोगाव छापून देऊ. माझ्या तालुक्यापासून सुरुवात होईल, मग अमळनेर, पारोळा, शिरपूर, शिंदखेडा. ग्रामसभेत ठराव होतील. शेतकऱ्याच्या एका हप्त्यामागे राज्याचा आणि केंद्राचा हिस्सा कंपनीला मिळतो. तो एक हप्ता थांबला की मागचे दोन्ही थांबतात. एक रुपया गेल्यावर खरीप २०२५ मध्ये अर्ज किती घटले ते तुम्ही पाहिलंच आहे. ती नुसती नाराजी होती. पुढची घट ठरवून केलेली असेल.

ज्यांचे दावे आधीच अडकले आहेत, त्यांना माझं सांगणं वेगळं आहे. आखाजीची वाट बघू नका. तालुका आणि जिल्हा तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. तिथे निभावलं नाही तर जळगाव किंवा धुळ्याच्या ग्राहक आयोगात जा. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, ती उलटू देऊ नका. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. कोर्टकचेरीला घाबरणाऱ्यांनी धाराशिव आठवा. २०२० च्या खरिपात सोयाबीन गेलेल्या तिथल्या साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना ७२ तासांत न कळवल्याचं कारण सांगून कंपनीने भरपाई नाकारली होती. २०२२ च्या मे महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने भरपाई द्यायला लावली, आणि सर्वोच्च न्यायालयात जाऊनही कंपनीची सुटका झाली नाही. आपलं खंडपीठही तेच आहे.

यंदा प्रत्येक कापणी प्रयोगाला गावातले चार जण उभे राहतील. मोबाइलवर चित्रण होईल. काट्यावर हात ठेवणारा, पिकाचा बरा कोपरा निवडणारा, घरी बसून आकडा भरणारा, जो कोणी असेल त्याचं चित्रण दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असेल. कर्मचाऱ्यांशी आमचं भांडण नाही. एकेका माणसावर किती गावं टाकली आहेत, आम्हाला माहीत आहे. पण चुकीच्या आकड्याने हजार घरं बुडतात, म्हणून डोळ्यात तेल घालून बघावंच लागेल.

मागच्या आठवड्यात धुळ्याहून मामांचा फोन आला. दोन एकर कपाशी, एक एकर कांदा. पहिलाच प्रश्न, “भाऊ, इमाना पैसा उनात का?” मी म्हटलं, नाही आले. ते गप्प राहिले, मग म्हणाले, आखाजीला येतो, तेव्हा बोलू. बँकेला द्यायचं नकाराचं पत्र मी त्याच रात्री लिहून ठेवलं. नाव, गट क्रमांक, खातं, पीक, सगळं भरलेलं आहे. सही केलेली आहे. तारखेची जागा तेवढी कोरी आहे, आणि ती भरायची की पत्र फाडायचं, हे आता तुमच्याकडे आहे.